तलवार कुणाची? 'द किड हू वुड बी किंग' बघून पडलेले प्रश्न

गोधडी

काल रात्री पोरांबरोबर 'द किड हू वुड बी किंग' पाहिला. सिनेमा २०१९ चा, म्हणजे माझं नेहमीप्रमाणे वरातीमागून घोडं. इथे शोधलं, पण धागा सापडला नाही, म्हणून काढतेय. पुढे सगळी गोष्ट फुटणार आहे. ज्यांना बघायचाय त्यांनी इथूनच मागे फिरा.

लेखक-दिग्दर्शक जो कॉर्निश. ॲलेक्स नावाचा बारा वर्षांचा मुलगा लंडनमध्ये आईबरोबर राहतो. त्याचा मित्र बेडर्स, आणि या दोघांना छळणारी शाळेतली दोन मोठी मुलं, लान्स आणि केय. एका रात्री त्यांच्यापासून पळताना ॲलेक्स एका अर्धवट पाडलेल्या इमारतीच्या आवारात जाऊन पडतो. तिथे काँक्रीटमध्ये रुतलेली तलवार असते, ती तो उपसतो. झालं! जमिनीखाली शतकानुशतकं जखडून पडलेली, आर्थर राजाच्या गोष्टीतली चेटकीण मॉर्गना जागी होते आणि चार दिवसांनी खग्रास सूर्यग्रहण लागणार असतं. मदतीला आर्थरचा जादूगार गुरू मर्लिन येतो तोही शाळकरी पोराच्या रूपात, शाळेच्या गणवेशात, आणि शपथेवर सांगते, त्या पोराने सगळा सिनेमा खाल्लाय.

आता मुद्दा. दोनेक वर्षांपूर्वी लेकाला आर्थर राजाची गोष्ट सांगितली होती. दगडातली तलवार भल्याभल्या सरदारांना निघत नाही, हा पोरगा सहज काढतो वगैरे. मी अगदी रंगात येऊन सांगत होते. गोष्ट संपल्यावर लेक म्हणाला, "पण तो राजाचाच मुलगा होता ना? मग निघणारच. त्यात त्याचं काय?" मी निरुत्तर. विषय बदलला आणि दूध प्यायला लावलं.

हा सिनेमा नेमका तोच प्रश्न धरून बसलाय. ॲलेक्सकडे आर्थरच्या गोष्टींचं एक जुनं पुस्तक आहे, वडिलांनी जाताना दिलेलं. पहिल्या पानावर त्याच्यासाठी दोन ओळी लिहिलेल्या आहेत. त्यावरून त्याची समजूत होते की आपले वडील आर्थरच्या वंशातले, कुठल्यातरी मोहिमेवर गेलेले. त्यांना शोधायला तो थेट कॉर्नवॉलमधल्या टिंटाजेलला जातो. तिथे आत्या सांगते, बाबा रे, तुझा बाप दारुडा होता, सोडून गेला. पुस्तकातलं अक्षर बापाचं नाहीच, आईचं आहे. म्हणजे वंश नाही, रक्त नाही, काही नाही. आणि तरी तलवार त्याचीच.

माझ्या नवऱ्याचं मत, "वंशच काढून टाकला तर आर्थरच्या गोष्टीत राहिलं काय?" मला मात्र हे फार आवडलं. तुम्हाला काय वाटतं?

तिरकस

पाहिलाय. पहिला तास झकास, दुसरा तास शाळेचं स्नेहसंमेलन. दोन तासांचा सिनेमा दीड तासात बसला असता. मधे मॉर्गनाला हरवून झालं असं वाटतं, आपण चपला शोधायला लागतो, तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि ती मॉर्गना! रिबेका फर्ग्युसनसारखी नटी घेऊन तिला मुळ्यांमध्ये गुंडाळून ठेवलंय. बोलणं काय, तर मी येतेय, मी येतेय. ये ना मग बाई.

आकडे हवेत? खर्च ५ कोटी ९० लाख डॉलर, जगभरातली मिळून कमाई ३ कोटी २० लाखांच्या आसपास. ज्यांच्यासाठी केला त्या पोरांनीच पाठ फिरवली.

रानवारा

तिरकस, तुम्हाला गल्ल्याचा आकडा दिसला की पिक्चर कळतो का हो? अमेरिकेत जानेवारीच्या शेवटी लावला, ब्रिटनमध्ये फेब्रुवारीच्या मध्यावर. काढणारी कंपनी तेव्हा विक्रीच्या वाटेवर होती, मार्चमध्ये डिस्नेच्या घरात गेलीसुद्धा. घर बदलण्याच्या गडबडीत जन्मलेल्या पोराचं बारसं कोण करणार? हा माझा अंदाज हं, पुरावा मागू नका.

मर्लिनबद्दल गोधडीला शंभर टक्के अनुमोदन. अँगस इम्री नाव त्याचं. मंत्र म्हणायचा तर दोन्ही हातांनी टिचक्या, टाळ्या, बोटांचे पीळ असं काय काय करतो. आमच्याकडे आठवडाभर पानावर बसलं की हेच चाललं होतं. म्हातारा मर्लिन म्हणून पॅट्रिक स्ट्युअर्ट मधूनच येतो, दोन वाक्यं बोलतो आणि परत पोरगा होतो. शिवाय घुबडही होतो. ॲलेक्स झालेला मुलगा अँडी सर्किस या नटाचा लेक आहे, हे मला शेवटी नावं बघताना कळलं.

उंटावरचा शहाणा

धागा माझ्या दुखऱ्या नसेवर पडलाय, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. कंटाळा आला तर खाली सरका.

गोधडीताई, तुमच्या लेकाने जो प्रश्न विचारला तो दगडावरच कोरलेला होता. टॉमस मॅलरीच्या 'ल मोर्त दार्थर'मध्ये (कॅक्स्टनने १४८५ साली छापलं) त्या दगडावरचा मजकूर दिलाय. जो ही तलवार काढेल तो इंग्लंडचा 'जन्मसिद्ध' राजा. लायक नव्हे, शूर नव्हे, जन्मसिद्ध! म्हणजे तलवारीची परीक्षा ही वारसाहक्काचा दाखलाच. लेकाला माझ्यातर्फे शाबासकी द्या.

आता तुमच्या यजमानांसाठी. वंश काढला तर मूळ गोष्ट राहत नाही म्हणतात, पण मूळ म्हणजे नक्की कुठलं? नवव्या शतकातल्या लॅटिन इतिहासात आर्थर बारा लढाया जिंकणारा सेनापती आहे, राजासुद्धा म्हटलेलं नाही. ११३६ च्या सुमारास जेफ्री ऑफ मॉनमथ या लेखकाने त्याला टिंटाजेल दिलं, आईबाप दिले, मर्लिन दिला. गोल मेज त्याच्याकडेही नाही, ते ११५५ मध्ये वेस नावाच्या कवीने आणलं. आर्थरचा नावाजलेला सरदार लान्सलॉट म्हणजे फ्रेंच कवींची देणगी, त्याच शतकातली. आणि दगडातली तलवार तर त्याहून उशिराची, १२०० च्या आसपास रोबेर द बोरोंच्या काव्यात. म्हणजे ज्या प्रसंगावाचून आपल्याला आर्थर आठवतच नाही, तो प्रसंग शेकडो वर्षं गोष्टीत नव्हताच. प्रत्येक जण आपापल्या काळाचं काहीतरी चिकटवत आलाय. कॉर्निशने काँक्रीट चिकटवलं.

आणखी एक गंमत. मॅलरीत तलवारी दोन आहेत. दगडातली पुढे लढाईत मोडते, मग तळ्यातल्या देवीकडून एक्सकॅलिबर मिळते. (मॅलरी स्वतःच एका ठिकाणी पहिलीलाही एक्सकॅलिबर म्हणून गोंधळ घालतो, ते सोडा.) सिनेमाने दोन्हींची एक केली आणि तळ्यातला हात घरातल्या न्हाणीच्या टबातून वर काढला. मी एकटाच मोठ्याने हसलो, बाकीचं घर माझ्याकडे बघत होतं.

नावंही बघा. लान्स म्हणजे लान्सलॉट. केय म्हणजे सर के, आर्थरचा मानलेला भाऊ. तलवार आर्थरने काढल्यावर ती मीच काढली असं आधी सांगून बघणारा तोच. आणि बेडर्स म्हणजे बेडिव्हिअर. शेवटच्या लढाईनंतर मरणाला टेकलेला आर्थर ज्याला तलवार पाण्यात फेकून ये म्हणतो तो हाच. बेडिव्हिअर दोनदा जातो, दोनदा तलवार लपवून ठेवतो, परत येऊन फेकली म्हणून सांगतो आणि दोन्ही वेळा आर्थर त्याचं खोटं पकडतो. तिसऱ्यांदा खरोखर फेकतो.

गोधडी

बेडर्स! मला वाटलं आपलं असंच गोड टोपणनाव आहे. दंडवत घ्या, उंटराव.

पाऊलवाट

बरीच वर्षं फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. आमच्या घरात या सिनेमातला एकच प्रसंग गाजतो. मर्लिनची शक्ती उतरते आणि त्याला काढा हवा असतो. त्यात किड्याचं रक्त, बीव्हरचं मूत्र आणि प्राण्यांची कुटलेली हाडं. मुलं घाबरतात, आता हे कुठून आणायचं? तर ते सगळं तळलेल्या चिकनच्या दुकानात मिळतं! लाल सरबत, आइस्क्रीम आणि नगेट्स. तेव्हापासून आमच्याकडे लाल सरबताचा पेला कुणी तोंडाला लावत नाही. हे खरं असतं का हो?

उंटावरचा शहाणा

पाऊलवाट, स्वागत. लाल रंगाचं खरं आहे. कोचिनियल नावाचा किडा निवडुंगावर वाढतो, तो वाळवून त्यापासून कार्मिन रंग करतात. वेष्टनावर ई १२० लिहिलेलं दिसलं तर तोच. अर्थात प्रत्येक लाल सरबतात तो असतो असं नाही, हल्ली बऱ्याचदा दुसरेच रंग असतात. बीव्हरचं मात्र मूत्र नव्हे, शेपटीजवळच्या पिशव्यांमधला स्राव, कॅस्टोरियम. अत्तरांत वापरायचे, थोडंफार व्हॅनिलाच्या स्वादासाठीही. आताच्या आइस्क्रीममध्ये तो सापडणं जवळपास अशक्य, इतका महाग पडतो. हाडांबद्दल मी गप्प बसतो, मुलं वाचत असतील.

मला यात आवडलं ते असं की चेटक्याचा काढा आणि रोजचं खाणं यात फरक फक्त नावाचा, हे सांगायला सिनेमाने जादू केलीच नाही. नुसता पदार्थांचा तपशील वाचून दाखवला.

तिरकस

काढा मान्य. तो प्रसंग मलाही आवडला होता, वर लिहायचं राहिलं.

पण उंटराव, तुम्ही इतिहास सांगून मूळ प्रश्नाला बगल दिलीत. सिनेमा म्हणतो, रक्ताने काही होत नाही, कुणीही राजा होऊ शकतो. छान. मग तलवार ॲलेक्सच्याच हाताला कशी निघाली? बेडर्सने आधी ओढून पाहिली असती तर? 'निवडलेला' आहेच की शेवटी. फक्त निवडायचं काम बापाऐवजी तलवारीने केलं. माझ्या मते ही लबाडी आहे. गादी तीच, गादीवरचा अभ्रा नवा.

रानवारा

असं कसं? तलवार निघायच्या आधी त्याने काय केलं ते बघा ना. बेडर्सला मारत असताना मधे पडला. शाळेतलं बाकी कुणी पडलं नव्हतं. म्हणजे परीक्षा आधीच झाली होती, तलवार म्हणजे निकाल.

आणि शेवटी तर तो अख्ख्या शाळेला सरदार करतो! मॉर्गनाची फौज आली की बाकीची माणसं गायब होतात, फक्त ज्यांना तलवार टेकवून सरदार केलंय तेच मागे उरतात. मग ही पोरं रस्त्यावरच्या पाट्यांच्या ढाली करतात, मोटारी घेऊन सांगाड्यांच्या घोडेस्वारांवर धावून जातात. तुम्ही त्याला स्नेहसंमेलन म्हणालात, पण मला तर तोच भाग मुद्द्याचा वाटला. तलवार एकाच्या हाती असली तरी तिचा उपयोग इतरांना उभं करायला होतो.

तिरकस

हा निकालाचा मुद्दा बरा आहे. अर्धा गुण.

अर्धविराम

मी थोडं वेगळं लिहितो. हा सिनेमा मी भाचीबरोबर पाहिला. तिचे बाबा ती चार वर्षांची असताना गेले. म्हणजे वारले नाहीत, गेले. घरात त्याबद्दल एक सोयीची गोष्ट सांगितली जाते. सिनेमात काय येणार हे मला माहीत नव्हतं. आत्याच्या दारातला तो प्रसंग सुरू झाला तेव्हा रिमोट कुठे आहे ते मी शोधत होतो. भाची हलली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आईने लिहिलं होतं म्हणजे जास्त छान आहे की."

त्यानंतर बरेच दिवस टिंटाजेल डोक्यात राहिलं. त्या मुलाला तिथेच का पाठवलं? सरळ उत्तर, आर्थरचं जन्मस्थान म्हणून. पण मुळात तिथे काय घडतं ते आठवा. आर्थरचा बाप उथर राजा, त्याला दुसऱ्याची बायको, इग्रेन, हवी असते. मर्लिन त्याला तिच्या नवऱ्याचं रूप देतो. तिला वाटतं नवराच आलाय. आर्थर त्या रात्रीचा. म्हणजे बापाबद्दलचं खोटं हाच टिंटाजेलचा पाया आहे. आणि सिनेमातल्या मुलाला त्याच्या बापाबद्दलचं खोटं कळतं ते नेमकं तिथेच. मुलांच्या आवृत्त्यांमध्ये ती रात्र गाळतात, गाळावीच लागते. कॉर्निशने ती गाळली आणि तिच्या जागी मुलांना पेलेल असं खोटं ठेवलं. हे त्याने ठरवून केलं का, देव जाणे. ठरवून केलं असेल तर पटकथेतली ही सगळ्यात हुशार गोष्ट.

एक खटकलं. सिनेमातल्या सरदारांची जी आचारसंहिता आहे, प्रियजनांचा मान राखा, विनाकारण कुणाला दुखवू नका, नेहमी खरं बोला, हाती घेतलेलं तडीस न्या, त्यात पहिलं आणि तिसरं कलम एकमेकांच्या आड आलं तर काय करायचं, हे कुणी सांगत नाही. आईने पहिलं पाळायला तिसरं मोडलं. मुलगा चिडतो, पुढे माफही करतो, पण त्या गाठीला कुणी हात लावत नाही.

गोधडी

अर्धविराम, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. भाचीला खूप प्रेम.

आई जे करते त्याचा मला राग येत नाही. आला पाहिजे का, हा विचार करतेय.

उंटावरचा शहाणा

अर्धविराम, हे टिंटाजेलचं इतकी वर्षं आर्थर वाचून माझ्या डोक्यात आलं नव्हतं. उंटावरून खाली उतरतो.

पण आता तुमचाच धागा पुढे ओढतो, आणि तो तिरकसरावांच्या पारड्यात पडतो. त्या रात्री टिंटाजेलमध्ये आणखी कोण होतं? फसवली गेली ती इग्रेन. आणि त्याच रात्री, उथर तिच्याकडे पोचायच्याही आधी, तिकडे लढाईत मारला गेला तो तिचा खरा नवरा गॉर्लॉइस. मॅलरीत या दोघांना तीन मुली आहेत. धाकटी मॉर्गन, म्हणजेच सिनेमातली मॉर्गना.

म्हणजे हिचा बाप मारला, आईला फसवलं, आणि त्यातून जन्मलेला सावत्र भाऊ सगळ्या देशाचा राजा झाला. वर त्याचा गुरू कोण, तर ज्याने ते सोंग रचून दिलं तो मर्लिन! आता सांगा, या बाईची तक्रार खोटी आहे?

सगळ्यात आधी ती दुष्टही नव्हती. ११५० च्या सुमारास जेफ्रीनेच लिहिलेल्या मर्लिनवरच्या काव्यात ती ॲव्हलॉन बेटावरच्या नऊ बहिणींमधली प्रमुख. वैद्यविद्येत निष्णात. जखमी आर्थरला तिच्याकडेच उपचाराला नेतात. पुढे फ्रेंच कथांमधून तिची चेटकीण होत गेली.

सिनेमाने बापाचा भाग नव्याने लिहिला, पण मॉर्गनाच्या बापाला कुठे जागाच नाही. ज्या दिग्दर्शकाला ॲलेक्सचं पितृदुःख इतकं नेमकं दाखवता आलं, त्याने समोरच्या बाजूलाही तेवढंच मोठं पितृदुःख उभं आहे हे बघितलंच नाही. किंवा बघून सोडून दिलं.

तिरकस

थांबा थांबा. म्हणजे मी म्हणालो मॉर्गना फुसकी आहे, ते बरोबर होतं, फक्त कारण मला माहीत नव्हतं? हे प्रिंट काढून लावतो.

गंमत सोडा, पण हे खरोखर मोठं नुकसान आहे. दोन्ही मुलं एकाच गावच्या खोट्याने पोळलेली. तो आईला माफ करून तलवार उचलतो, ती माफ न करता जमिनीखाली कुजते. हा सिनेमा मी थेटरात जाऊन दोनदा पाहिला असता.

रानवारा

पण मुलांच्या सिनेमात सोंग घेऊन फसवलेली आई कशी दाखवणार? म्हणून तर गाळलं ना?

अर्धविराम

"माझ्या वडिलांना तुझ्या वडिलांनी मारलं आणि कुणी विचारलंसुद्धा नाही." एवढं एक वाक्य पुरलं असतं. मुलांना ते कळतं. आपण समजतो त्याहून जास्त.

पाऊलवाट

अवांतर: मर्लिन आधी स्टोनहेंजच्या त्या प्राचीन दगडी वर्तुळात उगवतो, तेही कपड्यांवाचून. तिथेच का?

उंटावरचा शहाणा

तोही जेफ्रीचाच प्रताप. त्याने लिहून ठेवलंय की ते दगड मर्लिनने आयर्लंडहून आणले. प्रत्यक्षात मोठे दगड उभे राहिले इसवी सनापूर्वी २५०० च्या सुमारास, म्हणजे मर्लिनच्या मानलेल्या काळाआधी तीन हजार वर्षं. पण लहान निळे दगड खरंच दूरचे आहेत, वेल्समधल्या प्रेसेली टेकड्यांमधले, तब्बल दोनशे किलोमीटरहून लांब. जेफ्रीने थाप मारली, पण दगड पश्चिमेकडून आले एवढं त्यात बरोबर निघालं. कपड्यांबद्दल इतिहास मौन बाळगून आहे.

गोधडी

आज संध्याकाळी जेवताना हा मॉर्गनचा भाग पोरांना सांगितला. अर्धविराम म्हणाले तसा, एका वाक्यात. लेक म्हणाला, "मग ती रागावणारच." आणि वर भात मागितला. धाकटी बराच वेळ ताटात बोट फिरवत होती. मग विचारते, "पण तिला कुणी सॉरी म्हटलं का?"

उंटराव, काय सांगू?

उंटावरचा शहाणा

सॉरी कुणी म्हटलेलं नाही. पण मॅलरीच्या शेवटी बेडिव्हिअर तलवार पाण्यात फेकून परत येतो, आर्थरला पाठुंगळी घेऊन काठावर नेतो, तिथे एक नाव लागलेली असते. नावेत काळी वस्त्रं घातलेल्या राण्या, त्यांत मॉर्गन. आर्थरला आत निजवतात. एक राणी त्याचं डोकं मांडीवर घेते आणि म्हणते, "भाऊराया, माझ्याकडे यायला इतका उशीर का केलास?"

कुठली राणी ते मॅलरी तिथे सांगत नाही. धाकटीला सांगा, पण भाऊराया म्हणतेय म्हणजे कोण असेल, ते तूच ओळख.